रेड्यावर ढकलू नका

शाळेला साठ वर्षं झाली म्हणून आमच्या गावानं एक पुस्तक छापलं. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर गावदेवी, आत देणग्या देणाऱ्यांचे फोटो. सुनेनं मला ते वाचून दाखवलं. 'गावाचा इतिहास' म्हणून एक पान आहे, त्यात आमच्या भांडणाला दोन ओळी दिल्यात. 'पूर्वी वरचा पाडा व खालचा पाडा यांच्यात एका रेड्यावरून मोठी मारामारी झाली. पुढे गावात एकोपा नांदू लागला.'

मी सुनेला म्हटलं, परत वाच. तिनं परत वाचलं. तेवढंच होतं.

माझं डोकं फिरलं. लिहिणाऱ्या मास्तराला घरी बोलावून घेतलं. तरणा माणूस, कल्याणहून मोटारसायकलीवर येतो-जातो. त्याला विचारलं, रेड्याचं कोणी सांगितलं? म्हणाला, "बाबा, सगळेच तसं सांगतात." सगळेच म्हणजे ज्यांचा तेव्हा जन्म नव्हता ते. मी होतो. मी त्या मारामारीत होतो आणि ती पेटली ती माझ्या हातानं. मी तिसरीपर्यंत शिकलोय, माझं अक्षर वेडंवाकडं आहे, पण हे मीच लिहिणार. कोणाला छापायचं तर छापा, नाहीतर चुलीत घाला.

रेडा होता, नाही कशाला म्हणू. वरच्या पाड्याचा रेडा ओढा ओलांडून आमच्या खळ्यात शिरला आणि आमच्यातल्या एकानं त्याच्या मागच्या पायावर कोयता मारला. खरं आहे ते. पण अरे, तो रेडा दरवर्षी येत होता! दरवर्षी आम्ही त्याच्या मालकाच्या सात पिढ्या काढायचो, मालक हसत हसत यायचा, रेड्याला दोन रट्टे घालायचा, बसून एक विडी ओढायचा आणि जायचा. मग त्याच वर्षी कोयता का निघाला? हे मास्तरानं विचारायला पाहिजे होतं. शिकलेल्या माणसानं रेडा किती मोठा होता हे बघायचं नसतं, त्या दिवशी खळ्यात कोण बसला होता ते बघायचं असतं.

आधी गाव सांगतो. ओढ्याच्या एका अंगाला खालचा पाडा, तो आमचा, तालुका शहापूर. दुसऱ्या अंगाला वरचा पाडा, तालुका मुरबाड. ओढा पावसाळ्यात छातीएवढा, होळीनंतर नुसते दगड. गावदेवी एक, शाळा एक, मसणवटा एक. तालुके दोन, ते साहेबांनी केलेले, आम्हाला त्याचं काही नव्हतं. दोन्ही पाड्यांची आडनावं वेगळी म्हणून सोयरिकी व्हायच्या. माझी मोठी बहीण वरच्या पाड्यात दिलेली. तिला मी बाय म्हणायचो. तिचं घर अगदी ओढ्याच्या काठाला, माझ्या राबाच्या, भाताचं रोप टाकायच्या जागेच्या, समोर. मधे फक्त ओढा. मी बांधावर उभा राहून शिंकलो तरी बाय पलीकडून ओरडायची, "डोक्याला फडकं बांध रे!"

दोन्ही पाड्यांच्या वर एक माळ आहे. वर ऐनाची झाडं, खाली गवत. ऐनाची टहाळ आम्ही राबाला तोडायचो, गवत गुरांना आणि छपराला. उरलेलं विकायचो, मुंबईच्या तबेल्यांना जायचं. दसऱ्यानंतर एक दिवस ठरायचा, दोन्ही पाडे वर जायचे, दोन्हीकडचे म्हातारे एकदम विळा घालायचे, मग बाकीच्यांनी. त्याआधी कोणी काडी तोडायची नाही. कागद नव्हता, सही नव्हती. तरी आज्याच्या आज्यापासून चाललं होतं.

त्या सालात दोन व्यापारी आले. नावं मला ठाऊक आहेत पण लिहिणार नाही, त्यांची नातवंडं असतील. एक काळी टोपी घालायचा, तो मुरबाडकडून यायचा, कल्याणला गवत धाडायचा. त्यानं वरचा पाडा धरला. दुसऱ्याच्या हातात ऊन असो नसो छत्री असायची, तो आटगाव स्टेशनातून रेल्वेच्या वाघिणी, म्हणजे मालडबे, भरायचा. त्यानं आमचा पाडा धरला. दोघांनाही अख्खा माळ पाहिजे होता. अर्ध्या माळानं वाघीण भरत नाही म्हणे.

त्याच सालातली एक गोष्ट सांगतो, ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. शाळेत तेव्हा देशावरचे एक मास्तर होते. त्यांच्याकडे चार-पाच दिवसांचं शिळं वर्तमानपत्र यायचं, ते शाळेच्या पडवीत वाचून दाखवायचे. एकदा त्यांनी स्पेन नावाच्या देशाचं वाचलं. त्या देशात एकाच देशाचे लोक दोन तट करून एकमेकांना मारत होते. एका तटाला बाहेरचं एक राज्य विमानं देत होतं, दुसऱ्याला दुसरं राज्य रणगाडे. रणगाडा काय ते आम्हाला मास्तरांनी बैलगाडी दाखवून समजावलं.

माझा बा तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "म्हंजे परक्याचं इमान बलवायचं आन् आपल्याच गावावर सोडायचं?"

"तसंच."

"ते लोक एडे हायत का मास्तर?"

"तेही तुमच्याएवढेच शहाणे असतील," मास्तर म्हणाले.

वरच्या पाड्याचा एकजण म्हणाला, "मास्तर आमाला शाणे म्हनले, लिवून ठेवा रे कुनीतरी!" सगळे हसले. दोन्ही पाड्यांचे एका पडवीत, मांडीला मांडी लावून हसले. बा तर इतका हसला की ठसका लागला, आणि माझ्या भावजीनं, म्हणजे बायच्या नवऱ्यानं, त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या.

तेव्हा छत्रीवाला आमच्या ओटीवर चहा प्यायला यायला लागून महिना झाला होता.

तो काही भांडा म्हणून सांगायचा नाही हो. मी नीट आठवून सांगतो, कारण हेच कोणाला कळत नाही. त्यानं एकदाही 'मारा' म्हटलं नाही. तो म्हणायचा, "तुमी भोळे. माळ मूळचा तुमच्या पाड्याचा, असं मी शहापुरात ऐकलं. वरच्यांनी टोपीवाल्याला शब्द दिलाय, दसऱ्याआधी गवत देतो म्हणून. खरं-खोटं तुमचं तुमी बघा, मी परका मानूस." असं म्हणून छत्री उघडायचा आणि जायचा. नंतर मला भावजीकडून कळलं, टोपीवाला तिकडे हेच बोलायचा. तेच शब्द. 'तुमी भोळे.' दोघं एकाच शाळेत शिकले होते की काय कोण जाणे.

दसऱ्याला पाच दिवस होते तेव्हा माळावर विळे चालल्याचा आवाज आला. आमचे धावले. वरचे म्हणाले, तुम्ही आधी कापलंत, खालच्या अंगाला बघा. बघितलं तर खालच्या अंगालाही कापलेलं होतं, आणि ते आमच्याच चुलत्यानं पहाटे कापलं होतं. दोघांनीही मोडलं. दोघंही म्हणाले दुसऱ्यानं मोडलं. मग आला तो रेडा. त्या दिवशी छत्रीवाला आमच्या खळ्यात खाटेवर बसला होता, आणि परक्यादेखत वरच्यांचा रेडा आपलं भात तुडवतो हे आमच्या चुलत्याला सोसलं नाही. परका नसता तर शिव्या देऊन भागलं असतं. लिहा हे, मास्तर.

आमच्या पाड्याची बैठक बसली. छत्रीवाला मागे भिंतीला टेकून बसला, बोलला नाही. ठरलं ते असं. ओढ्यापलीकडे बोलायचं नाही. आग, पाणी, लावणीचं अडलं-नडलं, सगळं बंद. हाक आली तरी ओ द्यायची नाही. आणि आपल्या पोरी तिकडे दिल्यात त्या परत आणायच्या. वरच्यांनीही चार दिवसांत तसंच ठरवलं.

बानं मला बायला आणायला पाठवलं. बा स्वतः गेला नाही. तो त्या दिवसापासून शाळेच्या पडवीतही गेला नाही.

बाय भात कांडत होती. मी अंगणात उभा राहिलो, आत गेलो नाही, कारण बंदी. ती म्हणाली, "उबा का? बस की."

"बसायला नाय आलो. बानं बलवलंय. चल."

"बाला बरं नाय का?"

"बरा हाय. बैठकीत ठरलंय. इकडच्या सगल्या पोरी परत आनायच्या."

तिनं मुसळ उभं धरलं. "ठरवलं तवा मी व्हते का थितं?"

"बायकांचं काय काम बैठकीत?"

"मंग बायकांना न्यायला का येता रे? मी कुटल्या तटाची, मला इचारलं कुनी? हितं माझा चुलीचा दगड हाय, थितं माझी आय मेली. माझे दोन तुकडे करा आन् वाटून घ्या."

भावजी गोठ्यातून बाहेर आला. बैलांना चारा घालत होता, हाताला गवत चिकटलेलं. तो म्हणाला, "पावना आलाय आन् उबाच? बाप्पा, तुमच्या बैठकीनं बसायलाबी बंदी केली का?" तो चेष्टाच करत होता. मला ती झोंबली. मी वीस-एकवीस वर्षांचा, अंगात नुसती रग. मी बायला म्हटलं, "येनार नसशील तर पुन्ना ओढा वलांडू नको."

ती म्हणाली, "नाय वलांडणार. जा."

तिच्या तोंडून निघालं आणि तिनं ते पाळलं. आमच्या घरातली माणसं हट्टी. मला त्याचा अभिमान होता, अजून आहे, पण त्या हट्टानं काय खाल्लं तेही मला ठाऊक आहे.

मग कडीच्या काठ्या आल्या, त्यांचं सांगतो. पौषात म्हसा गावची जत्रा. छत्रीवाल्यानं आम्हा दहा-बाराजणांना जत्रेला नेलं, जिलबी दिली आणि एका लोहाराच्या पालावर उभं करून काठ्यांना लोखंडी कड्या ठोकून घेतल्या. म्हणाला, "रानात जनावर असतं, हातात असावी." आम्ही काठ्या घेऊन वळलो तर पुढच्या रांगेत वरच्या पाड्याचे दहाजण उभे. टोपीवाला त्यांना जिलबी वाटत होता. कोणी कोणाशी बोललं नाही. एकमेकांच्या काठ्यांकडे बघितलं. लोहार घाम पुसत म्हणाला, "एकाच गावचे दिसताय. रानात मोठं जनावर आलंय वाटतं!" कोणी हसलं नाही. अरे, त्यानं आम्हाला तोंडावर सांगितलं होतं! त्या पालावर आम्ही वीस-बावीस धडधाकट माणसं, आणि एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. स्पेनच्या लोकांना आम्ही वेडे म्हणत होतो.

आता राबाचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. भाताचं रोप टाकायची जागा आधी भाजावी लागते. खाली शेण, त्यावर ऐनाची टहाळ, त्यावर गवत, पालापाचोळा, वर मातीचा पातळ थर. पाऊस लागायच्या आधी ते पेटवायचं. वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवायचं, म्हणजे आग हळूहळू सरकते आणि माती नीट भाजते. पण वैशाखातला वारा, त्याचा भरवसा नाही. म्हणून आमच्याकडे रीत होती, पेटवायच्या आधी बांधावर उभं राहून मोठ्यानं हाक द्यायची, "राब पेटवतो रे!" शेजारचा ओ द्यायचा, "पेटव रे!" ओ आल्याशिवाय काडी ओढायची नाही. ओ दिली म्हणजे तो आपली गुरं बाजूला घेणार, ओली फांदी घेऊन काठाला उभा राहणार. वैरी असला तरी ही हाक चुकवायची नाही. मला तरी कोणी चुकवल्याचं आठवत नव्हतं.

त्या वैशाखात टोपीवाल्यानं वरच्या पाड्याचं राहिलेलं गवत भावजीच्या गोठ्याला लागून रचलं होतं. गाडीवाट तिथपर्यंतच होती म्हणून. घराएवढी गंज.

मी दुपार कलल्यावर राबावर गेलो. सगळं नीट केलं होतं, थर बरोबर, वाऱ्याचा अंदाज घेतला. बांधावर उभा राहिलो. सवयीनं छाती भरून घेतली. आणि वरच्या बांधावर माझा चुलता उभा होता, बघत होता. बैठकीचं ठरलेलं होतं. शिवाय पलीकडे तीच बहीण, जी माझ्यासमोर 'जा' म्हणाली. मी भरलेली छाती तशीच सोडली. तोंड मिटलं. काडी ओढली.

माझ्या राबात चूक नव्हती. हे मी आजही सांगतो. आग सरळ सरकत होती. मग वारा फिरला. एक वावटळ उठली, भिंगरीसारखी, ऐनाची पेटलेली पानं तिनं उचलली आणि ओढ्यावरून नेली. मी बघत राहिलो. एक पान गंजीवर बसलं. नुसतं बसलं, वाटलं विझलं. मग गंज आतून लाल दिसायला लागली.

तेव्हा मी ओरडलो. तेव्हा ओरडून काय?

गोठ्यात दोन बैल बांधलेले. भावजी घरात जेवून आडवा झाला होता. तो आत धावला. एक बैल सोडला, दुसऱ्याचं दावं आवळलेलं, ते सुटेना. वरून छप्पर जळत पडत होतं. त्यानं जळतं दावं हातानं धरून सोडवलं. बैल बाहेर आला, मागून तो आला, हात पुढे धरून, जसं कोणी देवाला ओंजळ धरतं तसा. मी ओढ्यात उतरलो होतो. पण तोवर वरचे आले ते कडीच्या काठ्या घेऊन, आणि माझ्यामागून आमचे आले, त्यांच्या हातातही त्याच. आग कोणीच विझवली नाही. ओढ्याच्या कोरड्या दगडांत आम्ही एकमेकांची डोकी फोडली. पलीकडे माझ्या बहिणीचा गोठा जळत होता आणि मी तिच्या चुलतदिराच्या खांद्यावर काठी घालत होतो. लोहारानं कड्या पक्क्या ठोकल्या होत्या, एकही निखळली नाही.

पोलीस आले. आमच्या लोकांना शहापूरला नेलं, त्यांच्या लोकांना मुरबाडला. ओढा तालुक्याची शीव, म्हणून एका मारामारीचे दोन खटले. आमचा वकील छत्रीवाल्यानं दिला, त्यांचा टोपीवाल्यानं. दोन्ही वकील म्हणाले, मिटवू नका, आपण जिंकू. कोणी जिंकलं नाही. आम्ही थोडे थोडे दिवस आत बसून बाहेर आलो.

पुढच्या हिवाळ्यात मी छत्रीवाल्याचं गवत गाडीत घालून आटगाव स्टेशनला नेलं. आणि मालधक्क्यावर बघतो तर गवताच्या एका भाऱ्यावर दोघं बसलेले. छत्रीवाला आणि टोपीवाला. एका छत्रीखाली. एकाच बशीतून आळीपाळीनं चहा पीत होते.

मी बैल सोडले नाहीत. तसाच पुढे गेलो. "तुमचं मिटलं?"

छत्रीवाला म्हणाला, "अरे ये, ये. मिटलं की केव्हाच. दिवाळीलाच. खालचं अंग माझं, वरचं ह्यांचं. वाघिणी वाटून घेतो. धंद्यात भांडून कसं चालंल?"

"आमाला सांगितलं नाय कुनी."

टोपीवाला हसला. "तुमाला काय सांगायचं? तुमचं भांडण तुमच्या गावचं. रेड्यावरून झालं ना ते?"

रेडा! बघा, रेडा कुठून आला ते! तो शब्द पहिल्यांदा मी त्याच्या तोंडून ऐकला, चहाच्या बशीमागून. पन्नास वर्षांनी तोच शब्द गुळगुळीत कागदावर छापून माझ्या घरात आला.

मी त्याला मारायला हवं होतं. मारलं नाही. का, ते मलाही ठाऊक नाही. कदाचित बैल ओझ्यात उभे होते म्हणून. घरी येऊन बैठकीत सांगितलं, ते दोघं एक झाले, आता आपण कशाला? चुलता म्हणाला, "ते मोठे लोक, त्यांचं मिटतं. आपल्याला इज्जत हाय." बाकीच्यांनी माना हलवल्या. बघा म्हणजे. ज्यांनी लावून दिलं ते चहा पिऊन मोकळे, आणि आम्ही राखत बसलो त्यांचं भांडण, परक्याचं ढोर राखावं तसं.

तोवर स्पेनचंही संपलं होतं. मास्तरांनी पडवीत सांगितलं, आता तिथे कोणी फारसं बसत नव्हतं, पण त्या दिवशी बा गेला होता. बानं विचारलं, "मंग आता ते इमानं देनारे काय करतात?"

"ते आता मोठ्या लढाईच्या तयारीत आहेत."

"आन् त्या गावातले लोक?"

मास्तर म्हणाले, "त्यांचं वर्तमानपत्रात येत नाही आता."

बा उठून घरी आला आणि जेवला नाही.

मोठी लढाई लागली. पलटणीच्या खेचरांना गवत पाहिजे म्हणून दोन्ही व्यापारी गब्बर झाले. आमच्याकडे तांदूळ मिळेना, घासलेट मिळेना. आणि ओढा तसाच. पलीकडे कोणी बोलत नव्हतं. भावजीचे हात बरे झाले पण बोटं आत वळून चिकटली. भात कालवता यायचं, नांगराचं रुमणं धरता यायचं नाही. पाड्यातल्या लोकांनी एक-दोन सालं मदत केली, मग ज्याचं त्याला झालं.

एका पावसाळ्यात मी माझ्या बांधावरून बघितलं, समोरच्या चिखलात बायनं नांगर धरलाय. आमच्याकडे बाई नांगराला हात लावत नाही. पाऊस रुसतो म्हणतात. तिच्या पाड्याची माणसं तिच्याकडे पाठ करून आपापल्या खाचरात काम करत होती. भावजी बैलांच्या पुढे उभा राहून त्यांना तोंडानं हाकत होता, हात मागे बांधून, जसे मोठे साहेब उभे राहतात. बायचं लुगडं मांडीपर्यंत चिखलानं भरलेलं. एकदाही तिनं इकडे बघितलं नाही.

मी काय केलं? काही नाही. मी दोन सालं ते बघितलं. तिसऱ्या सालात माझा बा वारला आणि तिला निरोप द्यायला आमच्या पाड्यातून कोणी गेलं नाही. मीही नाही. तिनं ओढ्यापलीकडून तिरडी जाताना बघितली, मसणवटा एकच ना. ती काठाला आली. ओढा ओलांडला नाही.

पुढच्या वैशाखात मी बांधावर उभा राहिलो. चुलता होताच बघायला, आता काठीवर टेकलेला. मी छाती भरून घेतली आणि हाक दिली, "राब पेटवतो रे!"

ओ आली नाही. मी काडी ओढली नाही. दुसऱ्या दिवशी हाक दिली. नाही. आमच्या पाड्यात बोंब झाली, यानं बैठक मोडली. तिसऱ्या दिवशी हाक दिली तेव्हा भावजी घराबाहेर आला. ते मुडपलेले हात वर करून ओरडला, "पेटव रे पेटव! जळायचा गोठा आधीच जळलाय, बिनघोर पेटव!"

तो हसत होता की शिवी देत होता, मला अजून कळलं नाही.

त्या पावसात मी माझे बैल घेऊन ओढा उतरलो आणि बायच्या खाचरात नांगर घातला. आमच्या पाड्यानं मला वाळीत टाकलं. म्हटलं, टाका. दुपारी बाय बांधावर भाकरी घेऊन आली. माझ्यासाठी. ठेवली आणि उभी राहिली. इतक्या सालांनी तिचा आवाज ऐकला.

"त्या दिशी मी दारातच व्हते," ती म्हणाली. "तू बांधावर हुबा राह्यलास, छाती भरलीस. मी बघितलं. मला वाटलं हाक येनार. मी बैलं सोडाया उठलेच व्हते. मंग तू तोंड मिटलंस."

मी बैलांचा कासरा आवळला.

"हाक आली नाय म्हनून मी परत बसले," ती म्हणाली. "मला वाटलं, आज नाय पेटवत."

मी नांगर धरून होतो. ती म्हणाली, "भाकरी खा. बैलांना पानी दाव." आणि गेली.

पुढे बारा पावसाळे मी तिचं शेत नांगरलं, भावजी असेपर्यंत आणि तो गेल्यावरही, तिचा मुलगा हाताशी येईपर्यंत. दर वेळी भाकरी बांधावर आली. ती माझ्या घरी कधी आली नाही. भाऊबीजेला नाही, माझ्या पोरांच्या लग्नाला नाही. मी दर दिवाळीला ओढा ओलांडून गेलो, तिनं ओवाळलं. तिनं ओलांडला नाही. 'नाय वलांडणार' म्हणाली होती, आणि 'वलांडू नको' म्हणणारा मी होतो.

तर मास्तर, तुमचं ते पान. दोन व्यापाऱ्यांची नावं घालू नका, पण दोन व्यापारी होते हे घाला. बैठक बसली होती हे घाला. आणि हाक दिली नाही, ती ज्यानं दिली नाही त्याचं नाव तुम्हाला ठाऊक आहे, ते घाला. मी अजून जिता आहे, मला विचारायला या. रेडा मुकं जनावर. त्याच्यावर ढकलू नका.